प्लंबरचं काम शिकायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पोरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की फोन आणि मेसेज चालू होतात, खानापूर, येळ्ळूर, कडोली, निपाणी, संकेश्वर, कुठून कुठून पोरं आणि त्यांचे आईवडील विचारायलेत, प्लंबर व्हायचं तर करायचं काय, आयटीआयला जायचं की थेट मेस्त्रीच्या हाताखाली, अप्रेंटिस म्हणजे नक्की काय, पैसे मिळतात काय. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एका जागी लिहिलेत. एक गोष्ट आधीच ठासून सांगतो कारण खाली ती सारखी येणार आहे: हातात काम पाहिजे आणि सोबत कागद पण पाहिजे. आपल्या भागात हातात काम असलेली माणसं भरपूर आहेत, कागद नाही म्हणून ती मागं राहिलीत.

अप्रेंटिस म्हणजे हेल्परच ना? नाव तेवढं मोठं?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतोय. हेल्पर म्हणजे हाजरीवर, रोजच्या मजुरीवर, आलेला माणूस, आज आहे उद्या नाही, त्याला शिकवायची जबाबदारी कुणावर नाही. मेस्त्री चांगला असला तर शिकवेल, नसला तर चार वर्षं नुसतं भिंतीला खाचा मारायला आणि पाईप उचलायला लावेल. अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टखाली झालेला लेखी करार, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला कंपनी किंवा काँट्रॅक्टर, आणि तो करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंद होतो. किती महिने, काय शिकवायचं, महिन्याला किती स्टायपेंड (शिकताना मिळणारे पैसे), सगळं त्यात ठरलेलं असतंय. प्लंबर हा त्या कायद्यात ठरवून दिलेला ट्रेड आहे, त्यामुळं शेवटी परीक्षा होते आणि पास झालात की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतंय, जे देशात कुठंही चालतंय.

म्हणून कुणी म्हणालं "ये माझ्याकडं, अप्रेंटिस म्हणून ठेवतो" तर पहिला प्रश्न हा, करार पोर्टलवर टाकणार काय? नाही म्हणाला तर ती हेल्परचीच नोकरी, वाईट नाही पण मग हाजरी हेल्परची मागा, स्टायपेंडवर राबू नका.

आधी आयटीआय करू की थेट अप्रेंटिस?

वय आणि घरची परिस्थिती बघून ठरवा. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास झालेल्याला पण प्रवेश मिळतोय, म्हणजे दहावीत गणित राहिलं म्हणून घरी बसलेल्या पोरांनी मुळीच नाउमेद व्हायचं कारण नाही. पास झाल्यावर नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतंय आणि त्याच्या जोरावर पुढं अप्रेंटिस केलं तर स्टायपेंड जास्त बसतोय, शिवाय हातात दोन सर्टिफिकेट येतात.

कायद्याने अप्रेंटिस १४ व्या वर्षी पण होता येतंय, पण धोक्याच्या कामाला १८ पूर्ण लागतात आणि बांधकामाच्या साईटवर धोका नाही असं कुणी म्हणू नये. १६ वर्षाचं पोरगं असेल तर माझं मत सरळ आहे, आधी आयटीआय, साईट नंतर. उलट २०-२१ वर्षाचा मुलगा, घरात कमावणारं कुणी नाही, त्याला वर्षभर फुकट वर्गात बस म्हणणं बरोबर नाही, त्याने थेट अप्रेंटिसची जागा शोधावी.

एक अडचण मात्र आहे. सगळ्या आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेड नसतो, फिटर, इलेक्ट्रिशियन बहुतेक ठिकाणी असतात. त्यामुळं अर्ज भरायच्या आधी त्या वर्षी कुठल्या आयटीआयला प्लंबर ट्रेड चालू आहे हे स्वतः जाऊन विचारा, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका, तो दुसराच ट्रेड टिक करून मोकळा होतो आणि वर्ष जातं.

स्टायपेंड किती मिळतंय?

२०१९ च्या नियमांप्रमाणं कमीत कमी महिना असा ठरलाय: पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,००० रुपये, दहावी पास ६,०००, बारावी पास आणि आयटीआयवाल्याला ७,०००. करार एका वर्षापेक्षा मोठा असला तर दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ. हे कमीत कमी आहे, कंपनी जास्त देऊ शकते. २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने हा आकडा ३६ टक्क्यांनी वाढवावा अशी शिफारस केली, म्हणून करार करताना पोर्टलवर त्या दिवशीचा दर बघूनच सही करा.

राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना, जी २०१६ ला चालू झाली, त्यात स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट तुमच्या बँक खात्यात टाकतंय. म्हणून आधार आणि बँक खातं एकमेकाला जोडलेलं पाहिजे, नाव दोन्हीकडं सारखं पाहिजे. आपल्याकडं इथंच घोळ होतोय, आधारवर नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं एक असतंय, शाळेच्या दाखल्यावर मराठीतून गेलेलं दुसरं, "पाटील" चं स्पेलिंग एकीकडं वेगळं, गावाचं नाव आडनावाच्या आधी घुसलेलं. निकालाची वाट बघत बसता त्या दिवसांत हे दुरुस्त करून घ्या.

आणि अप्रेंटिस लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणीला एक रुपया लागत नाही.

जागा कुठं शोधायची? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या आहेत, प्लंबरला कोण घेणार?

३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला आपल्या माणसांच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ माणसं असलेल्याला घ्यायचे असले तर घेता येतात. म्हणजे नजर फक्त बिल्डरवर ठेवू नका. मोठी हॉस्पिटलं, इंजिनियरिंग आणि मेडिकल कॉलेजची मेंटेनन्स डिपार्टमेंट, साखर कारखाने (आपल्या जिल्ह्यात त्यांची कमी नाही), मोठी हॉटेलं, पाणीपुरवठ्याचं काम घेतलेले काँट्रॅक्टर, सगळीकडं पाईप आहेत आणि सगळीकडं गळती आहे. हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये शिकलेलं पोरगं तर फार लवकर तयार होतंय कारण तिथं पाणी बंद ठेवून चालत नाही, फॉल्ट शोधायचा आणि तासात सोडवायचा ही सवय लागते.

पोर्टलवर रजिस्टर करा पण त्यावरच बसू नका. बायोडेटा घेऊन जा, एचआरला भेटा, "अप्रेंटिस अ‍ॅक्टखाली प्लंबर ट्रेडला घेता काय" एवढं स्पष्ट विचारा. बऱ्याच छोट्या काँट्रॅक्टरना ही योजना माहीतच नसते, त्यांना तुम्हीच सांगा की स्टायपेंडमध्ये सरकारचा वाटा आहे, करार करायला तयार होतात.

मी मराठी मीडियमचा, कन्नड कच्चं आहे, इंग्रजीची भीती वाटते. जमेल?

जमेल. कामाची भाषा अशी आहे की एल्बो, टी, युनियन, रेड्युसर, ट्रॅप, गेट व्हॉल्व्ह हे शब्द मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे सगळेच मेस्त्री सारखेच वापरतात. पण आयटीआयमध्ये शिकवणं कन्नड-इंग्रजीत चालतंय, ऑफिसातले फॉर्म कन्नडमध्ये, गिऱ्हाईक गोकाक-बैलहोंगलकडचं असलं तर फोनवर कन्नडच. म्हणून बोलण्यापुरतं कन्नड शिकाच, त्यात कमीपणा काही नाही, आपली मराठी कुठं जात नाही आणि धंदा दुप्पट मुलखात पसरतोय. इंग्रजी ड्रॉईंग वाचण्यापुरतं लागतंय, ते साईटवर रोज बघून येतं. परीक्षेचा फॉर्म भरताना पेपर कुठल्या कुठल्या भाषेत मिळतोय ते आपल्या जेटीओ सरांना (आयटीआयमध्ये ट्रेड शिकवणारे) विचारून मगच भाषा टाका.

कोल्हापूर किंवा गोव्यात अप्रेंटिस केलं तर चालतंय?

चालतंय, कायदा केंद्राचा आणि पोर्टल देशाचं एकच आहे. निपाणी-कागलकडच्या पोरांना गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसी जवळ पडते, खानापूरवाल्यांना चोर्ल्यातून किंवा अनमोडमार्गे गोवा. गोव्यात हॉटेलच्या कामामुळं गरम पाण्याच्या लाईन, प्रेशर पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) हे लवकर शिकायला मिळतंय. फक्त राहण्याजेवणाचा खर्च काढून स्टायपेंडमधलं काय उरतंय हे आधी मांडून बघा.

महाराष्ट्रातल्या आयटीआयला प्रवेश पाहिजे असेल तर त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी भाषिक मुलांसाठी महाराष्ट्रात इंजिनियरिंगसारख्या प्रवेशांना वेगळी सोय आहे, आयटीआयच्या त्या वर्षीच्या नियमात काय आहे ते बघूनच मूळ कागद जोडा.

वर्षभरात नक्की काय शिकलं पाहिजे? पाईप जोडणं तर महिन्यात येतं.

हाच प्रश्न खरा, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो. पाईप चिकटवणं खरंच महिन्यात येतं आणि तिथंच बरीच पोरं थांबतात. घरात पाण्याच्या दोन बाजू असतात, येणारं पाणी आणि जाणारं पाणी. येणाऱ्या पाण्याची चूक लगेच दिसते, गळतंय, टपकतंय. जाणाऱ्या पाण्याची चूक घर बांधून लोक राहायला आल्यावर सहा महिन्यांनी दिसते, वास येतोय, खालच्या बाथरूममध्ये पाणी उलटं चढतंय, आणि तेव्हा टाईल्स फोडाव्या लागतात. चांगला प्लंबर ओळखायचा तो ड्रेनेजवरून.

म्हणून वर्ष संपायच्या आत हे आलंच पाहिजे. चार इंची ड्रेनेज लाईनला साधारण ४० ला १ उतार द्यायचा, म्हणजे ४ मीटर लांबीला १० सेंटीमीटर. कमी दिला तर घाण साचते, फार जास्त दिला तर पाणी पळून जातंय आणि मैला मागं राहतोय, हे दुसरं फार जणांना पटत नाही पण खरं आहे. ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या भागात, कमीत कमी ५० मिलीमीटर, म्हणजे दोन इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, तेच पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. संडास फ्लश केल्यावर शेजारच्या नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज आला तर व्हेंट पाईप (ड्रेनेज लाईनला हवा देणारा पाईप) नाही किंवा बंद आहे, ट्रॅपमधलं पाणी ओढलं जायलंय, हे ऐकून ओळखता आलं पाहिजे.

येणाऱ्या पाण्याच्या बाजूला प्लास्टिक पाईपचे प्रकार ओळखायचे, सीपीव्हीसी गरम पाण्याला, यूपीव्हीसी गार पाण्याला, आणि सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्व्हंट (पाईप चिकटवायचं द्रावण), यूपीव्हीसीचा डबा उघडा आहे म्हणून त्यातलंच फासायचं नाही. पाईप काटकोनात कापायचा, कापल्यावर आतली कड साफ करायची, सोल्व्हंट लावून पाव फेरी फिरवून थोडा वेळ दाबून धरायचा, आणि लगेच पाणी सोडायचं नाही. पीपीआर (तापवून जोडायचा प्लास्टिक पाईप) असेल तर मशीन साधारण २६० डिग्रीला तापू द्यायचं, त्याच्या आधी जोडलेला जॉईंट वरून चांगला दिसतोय आणि आतून कच्चा असतोय. वॉल मिक्सरचे दोन पॉईंट मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलीमीटर, गरम डावीकडं, गार उजवीकडं, दोन्ही एका लेव्हलला आणि टाईल्स धरून भिंतीच्या तोंडाला बरोबर. गवंडी गिलावा किती इंच मारणार आणि टाईल्सवाला किती जाड मसाला टाकणार हे आधी विचारून मगच पॉईंट फिक्स करायचे, नाहीतर नंतर एक्सटेन्शन जोडत बसावं लागतंय. कन्सील्ड, म्हणजे भिंतीत दडलेली, लाईन झाली की टेस्टिंग पंप लावून गेज रात्रभर ठेवायचा, सकाळी काटा तिथंच असला तरच गवंड्याला बुजवायला सांगायचं. मालक घाई करतोय, गवंडी घाई करतोय, तरी हे सोडायचं नाही.

आणि ड्रॉईंग वाचणं. पेन्सिल घेऊन रोज संध्याकाळी त्या दिवशी केलेल्या बाथरूमची लाईन वहीत काढा, कुठून आली, किती इंची, कुठं व्हॉल्व्ह. वही भरेपर्यंत तुम्हाला सुपरवायझर ड्रॉईंग हातात द्यायला लागेल. देशाच्या नॅशनल बिल्डिंग कोडचा नववा भाग प्लंबिंगचाच आहे, २०१६ ची आवृत्ती, तो कधीतरी उघडून बघा, शिक्षकांकडून समजून घ्या.

आपल्या भागात वेगळं असं काही शिकावं लागतंय काय?

होय, आणि पुस्तकात हे मिळत नाही. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतंय, आणि वर्षानुवर्षं बऱ्याच गल्ल्यांत ते काही दिवसांआड येत आलंय, म्हणून आपल्याकडं घर म्हटलं की जमिनीत सम्प (जमिनीखालची टाकी), वर टाकी, मध्ये मोटर, असा संसार असतोय. फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा), फूट व्हॉल्व्ह (मोटरच्या पाईपच्या तळाचा), मोटरला हवा धरली तर काय करायचं, लेव्हल सेन्सर, हे आपल्या प्लंबरला पाठ असावंच लागतंय. टाकी किती मोठी हे पण हिशोबाने सांगता आलं पाहिजे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, पाच माणसांना ६७५, म्हणजे रोज पाणी येत असेल तर हजार लिटरची वरची टाकी पुरते, पण पाणी पाच दिवसांनी येत असेल तर साठा खाली सम्पमध्ये करायचा, वर दोन-तीन टाक्या चढवायच्या नाहीत. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, शाहपूर-वडगावातल्या जुन्या घरांच्या स्लॅबवर इंजिनियरला न विचारता ते ठेवू नये.

बेळगावात चोवीस तास पाणी योजनेचा पहिला प्रयोग २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत झाला, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीबरोबर, आणि नंतर ती पूर्ण शहराला न्यायचं काम हाती घेतलं. चोवीस तास पाणी आलं की लाईन सारखी प्रेशरखाली राहते, आणि आठवड्यातून दोनदा भरणारी जुनी गंजलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाईप, जी आजवर कशीबशी टिकली, ती फुटते, मीटर लागल्यामुळं गळती बिलात दिसते. म्हणजे पुढची बरीच वर्षं जुनी घरातली लाईन बदलायचं काम आहे. नळजोडणीच्या कामाला लायसन असलेला प्लंबर मागतात, ते लायसन काढताना सर्टिफिकेट कामाला येतंय.

पूर्वेकडं, अथणी, रायबाग, गोकाक, काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि जमिनीतला पाईप तिच्याबरोबर हलतो आणि जॉईंटला सुटतो. तिथं चर खणून खाली वाळू किंवा मुरमाचा थर घालूनच पाईप झोपवायचा. बोअरचं पाणी जड, गिझरची कॉईल आणि शॉवरची भोकं क्षाराने बुजतात, म्हणून गिझर आणि सोलरला युनियन आणि व्हॉल्व्ह असे लावायचे की सोडवून साफ करता यावं. खानापूर, जांबोटीकडं उलट, जांभा दगड आणि मुसळधार पाऊस, तिथं पावसाच्या पाण्याची लाईन आणि सांडपाण्याची लाईन कधी एकत्र करू नये. आणि कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची गावं, २०१९ चा पूर तिथं कुणी विसरलेलं नाही, पाणी घरात दारातून यायच्या आधी संडासातून आलं होतं. त्या गावांत बाहेरच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवून द्या, मालकाने मागितला नाही तरी सुचवा.

गावांत जल जीवन मिशनची कामं आहेत, २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेली योजना, माणशी ५५ लिटर रोज घरच्या नळाला. पाईप टाकून काँट्रॅक्टर जातोय, नंतर दुरुस्तीला गावातला माणूस लागतोय. तो माणूस तुम्ही व्हा.

गणित कच्चं असलं तर?

भागाकार, टक्केवारी, मिलीमीटर-इंच-फूट आणि ४५ डिग्रीचं माप, एवढं आलं की झालं. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे एक किलो प्रेशर (दर चौरस सेंटीमीटरला), हे लक्षात ठेवलं की टाकी शॉवरच्या तीन मीटरवर असताना मोठा रेन शॉवर का चालत नाही ते मालकाला आधीच सांगता येतंय.

हत्यारं कंपनी देते की स्वतःची घ्यायची?

अप्रेंटिसमध्ये शिकायला लागणारी हत्यारं कंपनीची. पण मीटर टेप, स्पिरिट लेव्हल, हॅक्सॉ, एक पाईप पाना आणि एक पंप प्लायर स्वतःचा ठेवा, आणि स्वस्तातला पाना घेऊ नका, दात घसरला की बोटं फुटतात. बाकी हळूहळू.

पोरगं साईटवर जाणार, मला भीती वाटते. काय काळजी घ्यायची? (एका आईचा प्रश्न)

ताई, भीती बरोबर आहे, म्हणून तीन गोष्टी पोराकडून कबूल करून घ्या. एक, सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरायचं नाही, कुणीही सांगितलं तरी, मालक, मेस्त्री, काँट्रॅक्टर कुणीही. आत जमलेला वायू दिसत नाही, एका श्वासात माणूस पडतोय, आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा पण पडतोय. २०१३ च्या कायद्याने असं माणसाला सुरक्षेशिवाय आत उतरवणं गुन्हा आहे, त्यासाठी सक्शन मशीनची गाडी बोलवतात. "फक्त पाच मिनिटं उतर" म्हणणाऱ्याचं काम त्याच दिवशी सोडायचं. दोन, ग्राइंडरचं गार्ड काढून खाचा मारायच्या नाहीत, डोळ्याला चष्मा, आणि ओल्या हाताने ओल्या जागी वायर लावायची नाही. तीन, डोक्याएवढ्या खोल चरात कडेला आधार दिल्याशिवाय उतरायचं नाही, पावसाळ्यात तर अजिबात.

करार झालेल्या अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर भरपाई द्यायची जबाबदारी मालकावर आहे. करार नसलेल्या हेल्परला हे सिद्ध करतानाच दमछाक होते. कागद का पाहिजे त्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

मुलगी आहे, प्लंबर ट्रेड घेऊ का?

घे बाळ. आयटीआयला मुलींना या ट्रेडला बंदी नाही, पाईपांचं वजन आता जीआयच्या जमान्यासारखं राहिलं नाही, प्लास्टिक आलंय. दुपारी घरी बायकाच असतात अशा ठिकाणी बाई प्लंबर आली तर किती जणींना बरं वाटेल याचा विचार कर. साईटपेक्षा हॉस्पिटल, हॉस्टेल, कॉलेजच्या मेंटेनन्समध्ये अप्रेंटिस शोध, तिथं स्वच्छतागृह आणि ठराविक वेळ बहुतेक मिळते, तरी करार करताना हे दोन्ही तोंडाने विचारूनच सही कर.

मी कित्येक वर्षं काम करतोय, सर्टिफिकेट नाही. आता अप्रेंटिस कसं करू?

दादा, तुम्हाला अप्रेंटिसची गरज नाही. आरपीएल म्हणून सोय आहे, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट, प्लंबिंगच्या स्किल कौन्सिलमार्फत. जिल्ह्याच्या स्किल ऑफिसला बॅच कधी लागते विचारा. त्याबरोबर लेबर कार्ड काढा, कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं, प्लंबर त्यात बसतोय, वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतोय. अपघात, पोरांचं शिक्षण, म्हातारपणची पेन्शन, सगळं त्यावर आहे आणि ते नूतनीकरण करायला विसरू नका.

पीएम विश्वकर्मात प्लंबर आहे काय?

नाही. त्या १८ धंद्यांत गवंडी, सुतार, लोहार आहेत, प्लंबर नाही. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहा.

मेस्त्री काही शिकवतच नाही, नुसतं चहा आणायला पाठवतोय. करार सोडू?

लगेच सोडू नको. रोज काय काम दिलं ते तारखेसकट वहीत लिही, महिनाभराने एचआरला किंवा मालकाला ती वही दाखव, शांतपणे. करारात शिकवायचा अभ्यासक्रम लिहिलेला आहे, तो पुरा करणं त्यांचं कर्तव्य आहे. तरी ऐकलं नाही तर अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरकडं तक्रार करता येते, अप्रेंटिसचे वाद तिथंच जातात, लेबर कोर्टात नाही कारण कायद्याने अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. न सांगता मध्येच निघून गेलास तर सर्टिफिकेट जातं आणि करारातल्या अटीप्रमाणं खर्च पण मागू शकतात. दुसऱ्या बाजूने एवढं पण सांगतो, पहिले काही आठवडे झाडलोट, सामान मोजणं, फिटिंगची नावं पाठ करणं हे काम शिकण्यातलंच आहे, मेस्त्रीने "पाऊण इंची ब्रास एल्बो दे" म्हटल्यावर न बघता हातात देता आलं की तो आपोआप पुढचं दाखवतोय.

मोठ्या साईटवर ओडिशाची माणसं भेटतील, केंद्रापाडा जिल्ह्यातली, पट्टामुंडईकडची. तिथं प्लंबिंगची सरकारी इन्स्टिट्यूट आहे आणि गावंच्या गावं या धंद्यात आहेत. मोठा भाऊ लहान भावाला, मामा भाच्याला बरोबर आणून शिकवतोय. त्यांच्याबरोबर काम मिळालं तर सोडू नका, हिंदी मोडकं असलं तरी चालेल.

दुबई, मस्कतला जायचं असेल तर?

सर्टिफिकेट आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव, मगच. दहावी पास असाल तर पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्सची (परदेशी कामाला जायच्या सरकारी परवानगीची) अट लागत नाही, दहावी नसेल तर लागते, म्हणून राहिलेला विषय सोडवून घ्या. एजंट सरकारकडं नोंदलेला आहे काय ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा, त्याला सेवा शुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी, याच्यावर घेता येत नाही. शेत गहाण टाकून लाखभर देणारी घरं आपल्या भागात आहेत, कृपा करून तसं करू नका. व्हिजिट व्हिसावर कामाला जायचं नाही.

अप्रेंटिस संपलं की तीच कंपनी ठेवून घेते काय, की स्वतःचं काम चालू करायचं?

ठेवून घेणं कंपनीवर बंधनकारक नाही, करारात लिहिलं असेल तरच. स्वतःचं काम चालू करायची घाई पण करू नका, आधी एखाद्या चांगल्या मेस्त्रीबरोबर एका घराचं काम पायापासून नळ बसवेपर्यंत पूर्ण बघा. मग हाजरीवरून उक्त्या कामावर या, बाथरूममागं किंवा पॉईंटमागं दर ठरवून. दर तोंडी ठरवू नका, साध्या कागदावर का होईना लिहा, त्यात मटेरियल कुणाचं, भिंत फोडणं कुणाकडं, टेस्टिंग कोण करणार हे आलं पाहिजे, कारण भांडणं ह्याच तीन गोष्टींवरून होतात. हत्यारांना आणि गाडीला पैसे लागले तर मुद्रा लोन आहे, शिशु गटात ५०,००० पर्यंत, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे.

दुकानदार कूपन देतो, कमिशन देतो म्हणून हलका माल मालकाच्या भिंतीत घालू नका. भिंतीतला पाईप वीस-पंचवीस वर्षं कुणी बघत नाही, तुमच्या भरवशावरच तो बुजवलेला असतोय. काम संपलं की लाईनचे फोटो, टाईल्स लावायच्या आधीचे, टेप धरून काढलेले, मालकाच्या मोबाईलवर पाठवून द्या. पुढं कधी खिळा मारायचा असला, ड्रिल करायचं असलं, तर तो फोटो बघतो आणि दुरुस्तीला तुम्हालाच फोन करतो.